मिठाच्या संहत (दाट) द्रावणात पाणी कुणाच्या वाट्याला किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातच एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीनं सोडियम क्लोराइडच्या द्रावणांची घनता आणि त्यांतला ध्वनीचा वेग मोजला आणि संपीड्यतेवरून (दाब दिल्यावर द्रावण किती आकसतं त्यावरून) हायड्रेशन नंबर काढला, म्हणजे मिठाच्या आयनांच्या एका जोडीशी पाण्याचे किती रेणू बांधलेत तो आकडा. १ मोललला (एक किलो पाण्यात एक मोल मीठ) तो सव्वासहाच्या आसपास आला, ५ मोललला साडेचारच्याही खाली घसरला. सोबत तिनं एक छोटं सिम्युलेशन, म्हणजे रेणूंच्या हालचालींची संगणकावरची नक्कल, चालवलं. त्यात ५ मोललला सोडियमभोवती पाण्याचे पाच रेणू दिसले, क्लोराइडभोवती साडेसहा. बेरीज साडेअकरा. पण त्या द्रावणात मिठाच्या एका जोडीमागे पाणीच मुळी अकरा रेणू आहे! तर यातला खरा आकडा कोणता, जास्तीचा अर्धा रेणू आला कुठून, आणि संपृक्त (आणखी मीठ विरघळणार नाही अशा) द्रावणात आयनाभोवतीचं पाण्याचं कवच तुटतं का?

उत्तर तिलाच उद्देशून देतो. मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचे दोन निम्मे सुटतात. पण त्याआधी एक साधा हिशेब कागदावर मांडा. एक किलो पाण्यात ५५.५ मोल पाणी असतं. १ मोलल द्रावणात मिठाच्या प्रत्येक जोडीमागे ५५ रेणू येतात. ५ मोललला ११.१. मीठ खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम विरघळतं, म्हणजे ६ मोललच्या किंचित वर. तिथे उरतात फक्त ९ रेणू, एका आयनामागे साडेचार. समुद्राच्या पाण्यात हाच आकडा नव्वदच्या घरात असतो. आपल्याकडच्या पूर्णेच्या खोऱ्यातलं, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पण आयनांच्या नजरेतून बघितलं तर तेही पातळच. जिभेचा खारटपणा आणि आयनांची दाटी यांची मोजमापं फार वेगळी आहेत.

आता अंतरं बघा. संपृक्त द्रावणात दोन शेजारी आयनांच्या केंद्रांमधलं सरासरी अंतर साधारण ५.४ अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) भरतं. त्यातून सोडियमची त्रिज्या १.०२ आणि क्लोराइडची १.८१ वजा करा. उरतात अडीच अँगस्ट्रॉम. पाण्याचा एक रेणू साधारण २.८ अँगस्ट्रॉम रुंद असतो. म्हणजे सरासरीनं बघितलं तर दोन आयनांच्या मधे पाण्याचा जेमतेम एक रेणू मावतो. पाठ्यपुस्तकातलं ते चित्र, मधे एक आयन, भोवती सहा रेणूंचं पहिलं कडं, त्याच्याबाहेर दुसरं, त्यापलीकडे मोकळं पाणी, ते विरल (पातळ) द्रावणाचं आहे. इथे दुसऱ्या कड्याला जागाच नाही. सोडियमचं दुसरं कडं म्हणजे शेजारच्या क्लोराइडचं पहिलं.

आणि तो जास्तीचा अर्धा रेणू नेमका इथूनच येतो. लग्नाच्या पंगतीत दोन रांगांच्या मधून एकच वाढपी चालत असतो, डावीकडेही वाढतो आणि उजवीकडेही. प्रत्येक रांगेला विचारलं, ‘तुमच्याकडे वाढपी किती?’ तर दोन्ही रांगा त्याला आपल्यात मोजतील आणि बेरीज हजर असलेल्या वाढप्यांपेक्षा जास्त येईल. सिम्युलेशनमधला आरडीएफचा (आयनापासून कोणत्या अंतरावर किती शेजारी, ते दाखवणाऱ्या आलेखाचा) आकडा असाच रांगेला विचारून आलेला असतो. सोडियमकडून मोजलेला रेणू क्लोराइडकडूनही मोजला गेला आहे.

हा एक रेणू दोन्हीकडे कसा पुरतो, तेही बघण्यासारखं आहे. धन आयनाकडे पाणी आपला ऑक्सिजन वळवतं. सोडियमपासून ऑक्सिजन सुमारे २.४ अँगस्ट्रॉमवर असतो. ऋण आयनाकडे मात्र ते दोन्ही हायड्रोजन सारखे वळवून बसत नाही. एकच हायड्रोजन त्याच्या दिशेनं रोखतं, बंध जवळजवळ सरळ रेषेत. तो हायड्रोजन क्लोराइडपासून साधारण सव्वादोन अँगस्ट्रॉमवर, आणि त्यामागचा ऑक्सिजन ३.१ ते ३.२ वर. म्हणजे एकाच रेणूचा ऑक्सिजन सोडियमच्या ताब्यात, एक हायड्रोजन क्लोराइडच्या, आणि दुसरा हायड्रोजन अजून मोकळाच. तो दुसऱ्या एखाद्या क्लोराइडला किंवा शेजारच्या पाण्याला धरतो. अशा वाटून घेतलेल्या पाण्यामुळे सोडियमला आणि क्लोराइडला आपापल्या जागी फारसं काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. चणचण भासते ती पाण्याला, त्याचे पाण्याशी असलेले हायड्रोजन बंध कमी होतात.

म्हणून माझं सांगणं इतकंच की संहत द्रावणात आयनाच्या बाजूनं मोजणं थांबवा आणि पाण्याच्या बाजूनं मोजा. ‘या आयनाला किती पाणी चिकटलंय’ याऐवजी ‘या पाण्याच्या रेणूला किती आयन चिकटलेत’ असं विचारा. तुमच्या सिम्युलेशनच्या फाइलमध्ये हे उत्तर तयारच पडलेलं आहे. प्रत्येक ऑक्सिजनभोवती ३.२ अँगस्ट्रॉमच्या आत किती सोडियम, आणि त्याच्या दोन्ही हायड्रोजनभोवती तीनच्या आत किती क्लोराइड, एवढं मोजायचं. (या हद्दी आरडीएफच्या पहिल्या दरीवरून ठरवा, माझ्या शब्दावर नको.) मग शून्य, एक, दोन, तीन असे गठ्ठे पाडा. तुमच्या आकड्यांवरून सरासरी साडेअकरा भागिले अकरा, म्हणजे एकाच्या जरा वर येईल. सरासरी एक याचा अर्थ प्रत्येकाला एक असा होत नाही. काही रेणूंना दोन-तीन आयन चिकटलेले असतील आणि काहींना एकही नसेल. ५ मोललच्या द्रावणातही आयनाला न शिवलेलं पाणी सापडतं, यावर विद्यार्थ्यांचा सहसा विश्वास बसत नाही. गठ्ठे पाडून दाखवा.

आता तुमच्या संपीड्यतेच्या आकड्याकडे येऊ. ही पासिन्स्कीची जुनी पद्धत, १९३८ सालची. आपल्या विदर्भातल्या कॉलेजांत ध्वनीचा वेग मोजणारा अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर बऱ्याच केमिस्ट्री-फिजिक्सच्या विभागांत असतो, त्यामुळे इकडे ती चालते. गृहीतक असं की आयनाशी बांधलेलं पाणी दाबलं जात नाही, मोकळं पाणी नेहमीसारखं दाबलं जातं. मग पाण्याचे मोल भागिले मिठाचे मोल, त्याला गुणायचं १ वजा संपीड्यतांच्या गुणोत्तरानं. ५ मोललला द्रावणाची संपीड्यता पाण्याच्या साधारण ६० टक्के होते. ११.१ गुणिले ०.४०, उत्तर ४.४. तुमचं मोजमाप चोख आहे, त्यात शंका नको.

पण सूत्राकडे नीट बघा. ५ मोललला द्रावण दगडासारखं अजिबात न दाबलं जाणारं झालं असतं, तरी उत्तर ११.१ च्या वर गेलं नसतं. १ मोललला हीच मर्यादा ५५ होती. संहती वाढली की मर्यादा खाली येते, म्हणून आकडाही घसरत जाणार. हे घसरणं म्हणजे ‘हायड्रेशन कवच मोडतंय’ असं नाही. बराचसा भाग वाटून घेतलेल्या पाण्याचा आहे: सिम्युलेशन त्याला दोनदा मोजतं, संपीड्यता एकदाच. शिवाय ५ मोलल द्रावणाच्या आकारमानात सुमारे अकरावा हिस्सा मिठामुळेच वाढलेला असतो, आणि आयन स्वतः दाबले जात नाहीत. तो वजा करून, म्हणजे एक किलो पाणी असलेल्या द्रावणाच्या एकूण आकारमानावर संपीड्यता लावून परत गणित करा. १ मोललचा सव्वासहा सव्वापाचवर उतरेल आणि ५ मोललचा ४.४ पावणेचारच्या जवळ येईल. एकाच मोजमापातून दोन आकडे, दोन्ही छापील लेखांत सापडतात, आणि कोणता वापरला हे बरेच लेखक सांगत नाहीत. तुम्ही सांगा.

आकड्यांचा हा गोंधळ केवळ तुमचा नाही. रॉबिन्सन आणि स्टोक्स यांनी १९४८ मध्ये सक्रियता गुणांक (द्रावण आदर्श वागण्यापासून किती ढळतं ते सांगणारा आकडा) समजावून घेण्यासाठी हायड्रेशन नंबर हा सरळ एक पॅरामीटर म्हणून घेतला. त्यांना सोडियम क्लोराइडसाठी ३.५ मिळाला, पोटॅशियम क्लोराइडसाठी १.९, लिथियम क्लोराइडसाठी ७.१, मॅग्नेशियम क्लोराइडसाठी १३.७. आता लिथियम क्लोराइड पाण्यात २० मोललपर्यंत जातं. तिथे एका जोडीमागे पाणी २.८ रेणू. सात रेणू आणायचे कुठून? समीकरण तिथे चालणारच नाही, आणि त्या दोघांनी ते तितक्या संहतीसाठी मांडलेलंही नव्हतं. प्रत्येक पद्धत पाण्याचा वेगळा गुण विचारते. संपीड्यता विचारते, किती पाणी ताठ झालं. सक्रियता विचारते, किती पाण्याची पळून जाण्याची ओढ कमी झाली. वहन विचारतं, आयन चालताना किती पाणी ओढत नेतो. विवर्तन (न्यूट्रॉन किंवा क्ष-किरण विखुरून अणूंची मांडणी बघणं) तेवढं खरोखर शेजारी मोजतं.

या विवर्तनाबद्दल दोन शब्द, कारण सिम्युलेशन तपासायचं ते याच्यावरच. न्यूट्रॉन वेगवेगळ्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वस्तुमानाच्या अणूंवरून) वेगवेगळ्या जोरानं विखुरतात. क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ यांच्यात हा फरक जवळपास चौपट आहे. एकाच संहतीची दोन द्रावणं घ्यायची, एकात एक क्लोरीन, दुसऱ्यात दुसरा, आणि दोन्हींच्या विखुरण्याची वजाबाकी करायची. उरतं ते फक्त क्लोराइडभोवतीचं चित्र. एंडर्बी, निल्सन वगैरे मंडळींनी १९७० च्या दशकापासून हे काम उभं केलं. गंमत म्हणजे ज्याच्यावर आपण सगळेच मोजमापं करतो त्या सोडियमला स्थिर समस्थानिक एकच आहे, त्यामुळे ही वजाबाकी त्याच्यासाठी करताच येत नाही. सोडियमचे आकडे पुस्तकांत चार ते सहा असे पसरलेले दिसतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. दुसरं कारण सोडियमचा स्वभाव. त्याचं कडं सैल असतं, पाच आणि सहा यांच्यात सतत ये-जा. कुणी साडेपाच म्हटलं तर तो अर्धा रेणू काळाची सरासरी आहे.

कवच तुटतं का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणता आयन, त्यावर ते अवलंबून आहे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नेट-सेटच्या तयारीत हा भाग पाठ होतो पण समजत नाही.

मॅग्नेशियम घ्या. त्याच्याभोवती सहा रेणू, अष्टफलकाच्या सहा टोकांवर, ऑक्सिजन २.१ अँगस्ट्रॉमवर. एक रेणू तिथे मायक्रोसेकंदभर टिकतो. सोडियमभोवतीचा रेणू पिकोसेकंदांतच (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) बदलतो, दहा-वीस म्हणा. म्हणजे मॅग्नेशियमचं पाणी एकदा बदलेपर्यंत सोडियमचं पन्नास हजारांहून जास्त वेळा बदलून झालेलं असतं. अ‍ॅल्युमिनियमकडे हाच मुक्काम सेकंदाच्या घरात जातो, आणि क्रोमियमकडे तर दिवसांच्या. क्रोमियमचं हे संथपण हंट आणि टॉब यांनी १९५० च्या सुमारास ऑक्सिजन-१८ घातलेलं पाणी वापरून चक्क घड्याळ लावून मोजलं होतं.

आता संपृक्त मॅग्नेशियम क्लोराइडचा हिशेब. ते ५.८ मोललच्या आसपास संपृक्त होतं. एका मॅग्नेशियममागे पाणी साडेनऊ रेणू. त्यातले सहा मॅग्नेशियम सोडत नाही. उरले साडेतीन, आणि दावेदार दोन क्लोराइड, प्रत्येकाला सहाच्या आसपास हवेत. मग क्लोराइड काय करतो? मॅग्नेशियमच्या सहा रेणूंचे बाहेर रोखलेले हायड्रोजन धरतो. मॅग्नेशियमला तो थेट शिवत नाही, त्याच्या पाण्याला शिवतो. असं द्रावण आटवलं की खाली बसणारा स्फटिकही तसाच असतो: सहा पाण्यासकट मॅग्नेशियम, आणि त्या पाण्याला धरून बाहेर क्लोराइड. द्रावणातली मांडणी स्फटिकात तशीच उतरते. सोडियम क्लोराइडचं याच्या अगदी उलट. आपल्या तापमानाला त्याचा स्फटिक बिनपाण्याचा, सोडियमला थेट सहा क्लोराइड. पाण्यासकटचा स्फटिक शून्य अंशाच्या खाली मिळतो, त्यासाठी नागपूर कामाचं नाही.

लिथियमची गोष्ट आणखी निराळी. तो इतका लहान की त्याच्याभोवती चारच रेणू बसतात, पण घट्ट. विरल द्रावणात तो पोटॅशियमपेक्षा निम्म्या वेगानं चालतो, विद्युतवहनाचे आकडे ३८.७ विरुद्ध ७३.५, सर्वांत लहान आयन सर्वांत मंद, कारण तो पाण्याचं ओझं घेऊन चालतो. पण संपृक्त लिथियम क्लोराइडमध्ये चार रेणू पुरवायला पाणीच नाही, २.८ आहेत. तिथे क्लोराइडला पहिल्या कड्यात यावंच लागतं. इथे मात्र ‘कवच तुटलं’ असं खुशाल म्हणा. खरं तर त्या द्रावणाला पाण्यात मीठ म्हणण्यापेक्षा ओलं, वितळलेलं मीठ म्हटलेलं बरं. २०१५ मध्ये याच टोकाच्या परिस्थितीचा उपयोग करून बॅटरीसाठी २१ मोललचं लिथियमचं द्रावण केलं गेलं. एका लिथियममागे अडीच-पावणेतीन रेणू पाणी. सुटं पाणी जवळपास नाही, त्यामुळे साध्या पाण्याचं ज्या व्होल्टेजला विघटन होतं त्याच्या बरंच वर, सुमारे ३ व्होल्टच्या पट्ट्यात ते टिकतं.

सोडियम क्लोराइड या दोघांच्या मधे पडतं. संपृक्ततेच्या जवळ सोडियमच्या शेजाऱ्यांची एकूण संख्या फारशी बदलत नाही, पण पाण्याचा एखादा रेणू जाऊन तिथे क्लोराइड येतो, काही काळ थांबतो, निघून जातो. किती वेळा येतो, हे सिम्युलेशनवर फार अवलंबून आहे, आणि इथे तुम्हाला सावध करायला हवं. आयनांवर पूर्ण एक-एकचा भार देणारी बरीच जुनी मॉडेल्स त्यांना गरजेपेक्षा जास्त चिकटवतात. काही मॉडेल्समध्ये तर खरी विद्राव्यता यायच्या कितीतरी आधीच बॉक्समध्ये मिठाचे गड्डे दिसू लागतात. विद्यार्थी आनंदानं ‘क्लस्टर फॉर्मेशन’ असा मथळा देतात. तो मॉडेलचा दोष असू शकतो. अलीकडे भार ०.८५ किंवा ०.७५ असा कमी करून घेतात, त्यामागे ध्रुवीकरणाचा परिणाम सरासरीनं धरण्याचा विचार आहे. तुम्ही जे मॉडेल घेतलं त्याची स्वतःची विद्राव्यता किती आहे, हे आधी शोधा. ती ४ मोलल असेल तर तुमचं ५ मोललचं द्रावण त्या मॉडेलच्या दृष्टीनं अतिसंपृक्त आहे. तुलना घनतेशी करा, तुमच्याकडे स्वतःची मोजलेली आहेच.

डेबाय-ह्युकेल इथे मदतीला येणार नाहीत. प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचा ढग मानणारा १९२३ चा तो सिद्धांत फार सुंदर, पण ०.०१ मोलरच्या आसपासचा. संपृक्त मिठाला त्याच्या सूत्रानं आयनी ढगाची जाडी काढली तर १.३ अँगस्ट्रॉम येते, पाण्याच्या रेणूच्या निम्मीसुद्धा नाही. एवढ्याशा ढगाला काही अर्थ उरत नाही. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांकही (पाणी विद्युत क्षेत्र किती पटीनं कमजोर करतं, तो आकडा) तिथे ७८ राहत नाही, पन्नाशीच्या खाली उतरतो, कारण आयनांकडे तोंड करून बसलेले रेणू बाहेरच्या क्षेत्राला दाद देत नाहीत.

‘स्ट्रक्चर मेकर’ आणि ‘स्ट्रक्चर ब्रेकर’ (पाण्याची रचना घट्ट करणारा आणि मोडणारा आयन) या शब्दांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: प्रबंधाच्या निष्कर्षात ते लिहू नका. हे शब्द आले ते श्यानतेवरून, म्हणजे द्रव वाहायला किती अडतो त्यावरून. जोन्स आणि डोल यांच्या १९२९ च्या समीकरणातला बी गुणांक लिथियम-मॅग्नेशियमला धन येतो, पोटॅशियम-सीझियमला ऋण. पोटॅशियम क्लोराइड घातलेलं पाणी खोलीच्या तापमानाला शुद्ध पाण्यापेक्षा किंचित पातळ वाहतं, हे तुम्ही ऑस्टवाल्डच्या व्हिस्कॉमीटरवर स्वतः बघू शकता. मोजमाप खरं, पण त्यावरून ‘पाण्याची रचना मोडली’ हे अनुमान फार लांबची उडी आहे. २००३ मध्ये बाकर यांच्या ॲमस्टरडॅममधल्या गटानं लेसरच्या अतिलघु स्पंदांनी पाण्याचे रेणू किती वेगानं वळतात हे बघितलं. पहिल्या कड्याबाहेरच्या पाण्यावर आयनांचा फरक त्यांना जवळपास दिसलाच नाही. त्याच गटाच्या पुढच्या कामात मॅग्नेशियम आणि सल्फेट एकत्र असले की परिणाम पहिल्या कड्यापलीकडे जातो असंही निघालं. दुसरीकडे लेबरमन आणि सोपर यांनी १९९५ मध्ये न्यूट्रॉननी दाखवलं की भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात ऑक्सिजन-ऑक्सिजनची मांडणी हजारभर वातावरणांच्या दाबाखाली पिळलेल्या पाण्यासारखी होते. म्हणजे दुसरं कडं आत ओढलं जातं. तुमच्या संपीड्यतेशी हे छान जुळतं: आधीच दाबलेलं पाणी आणखी कमी दाबलं जाणारच. निष्कर्ष लिहायचा तर असा काहीतरी लिहा. अमुक संहतीला द्रावण इतकं ताठ झालं, ते अमुक प्रमाणात वाटून घेतलेल्या पाण्याशी जुळतं. बस.

हे सगळं अणूंच्या पातळीवरचं असलं तरी त्याचा एक पुरावा प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. संपृक्त मिठाच्या द्रावणावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्के असते. बाहेरची हवा त्याहून दमट झाली की मीठ पाणी ओढायला लागतं. संपृक्त मॅग्नेशियम क्लोराइडवर ती ३३ टक्के, लिथियम क्लोराइडवर फक्त ११. खडे मीठ आयोडीनयुक्त बारीक मिठाच्या आधी पाझरतं, त्याला कारण त्यात राहिलेलं मॅग्नेशियम क्लोराइड. मे महिन्यातल्या आपल्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की उघड्या बरणीतले खडेही खडखडीत वाजतात, पण त्याच खोलीत कूलर लावला की संध्याकाळपर्यंत बरणीच्या तळाशी ओल दिसते. कूलरनं आर्द्रता तेहतीसच्या वर नेली, आणि मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून विरघळलं. ही ७५, ३३ आणि ११ ची द्रावणं आर्द्रतामापक तपासायला वापरतात. तुमच्या प्रयोगशाळेत ती बंद डब्यांत ठेवून हायग्रोमीटर लावा, विवर्तनाच्या यंत्राशिवाय आयनांची पाण्यावरची पकड बघता येते.

मोजमापाबद्दल नागपूरपुरत्या काही गोष्टी. मार्च ते जून तुमचा वॉटर बाथ २५ अंशांवर आणायचा प्रयत्नच करू नका, जर तो फक्त तापवणारा असेल. खोलीच ३५-३८ ला असते, बाथ खाली येणार कसा? बर्फ टाकत बसण्यापेक्षा सगळी मालिका ४० अंशांना घ्या आणि तुलनेचं शुद्ध पाणीही त्याच तापमानाला मोजा. ध्वनीचा वेग पाण्यात तापमानाबरोबर वाढतो, अर्ध्या अंशाची चूक विरल द्रावणांच्या आकड्यांना बाधते. द्रावणं वजनावर करा, मोललमध्ये. मोलरमध्ये तापमानाबरोबर संहती सरकत राहते. कोरड्या हवेत उघड्या बीकरमधून पाणी उडतं आणि संहती वाढते, म्हणून बूच लावूनच वजन करा. पावसाळ्यात उलटं: कॅल्शियम किंवा लिथियम क्लोराइड तराजूवर ठेवलं की काटा डोळ्यांदेखत चढतो. ती वजन करून न घेता, आधी संहत द्रावण करून त्यातलं क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटनं टायट्रेट करून संहती ठरवा.

प्रबंधात काय लिहायचं, हा तुमचा खरा प्रश्न असावा. तीन आकडे तीन ओळींत, आणि प्रत्येकासमोर तो काय मोजतो ते: संपीड्यतेचा आकडा, आकारमानाची दुरुस्ती करून आणि न करून, सिम्युलेशनमधले सोडियम आणि क्लोराइडचे शेजारी वेगवेगळे, बेरीज न करता, आणि तो पाण्याच्या बाजूचा गठ्ठ्यांचा आलेख १, ३ आणि ५ मोललला. संपीड्यतेचा आकडा शून्य संहतीपर्यंत ताणून जो छेद मिळेल तोच काय तो ‘हायड्रेशन नंबर’ या नावानं द्या. बाकीच्यांना संहतीसकट लिहा. वेळ उरला तर मॅग्नेशियम क्लोराइडवर हीच मालिका करा. छेद सहाच्या बराच वर येईल, पण त्यावरून मॅग्नेशियमभोवतीचे शेजारी सहाहून जास्त ठरत नाहीत. दोन क्लोराइडचं पाणी त्यात आहे, आणि मॅग्नेशियमचं दुसरं कडंही ताठ होतं. मॅग्नेशियम सल्फेट थोडं पाण्यात घातलं तर एकूण आकारमान वाढण्याऐवजी चक्क किंचित घटतं, इतकी ती ओढ आहे. घनतेच्या बाटलीवर ते ०.०५ मोललला बघता येईल, फक्त वजन चौथ्या दशांशापर्यंत घ्या.